वाचनवर्गासाठी पुस्तक निवडताना
(मंडळाच्या मुंबई येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस दहा मिनिटे दिली आहेत. रविवारचा वाचनवर्ग कसा चालतो हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. इकडे मुंबईत आम्ही सहा-सातजण नोकरदार, आणि तिकडे कोकणात आपल्या वाडीच्या विहारात एका मोबाईलभोवती बसलेली पंधरा-वीस मुले. आम्ही इकडून गोष्ट वाचतो, ती तिकडून ऐकतात. तेव्हा वर्गाविषयी न बोलता, ही पुस्तके आम्ही आणतो कोठून आणि निवडतो कशी, एवढेच सांगणार आहोत.

आम्हांस पुष्कळ जण प्रेमाने पुस्तके पाठवतात. व्हॉट्सॲपवर एखाद्या नामवंत लेखकाच्या बालकथासंग्रहाची पीडीएफ येते, खाली लिहिलेले असते, "मुलांना वाचून दाखवा." भावना चांगली, परंतु ते पुस्तक दुकानात विकत मिळते आणि मराठी बालसाहित्य लिहिणाऱ्याला त्यातून मिळणारे मानधन आधीच तुटपुंजे असते. आम्ही पडलो बँकेतले कारकून. चेक हाती आला की आधी तारीख आणि सही पाहायची, ही सवय जडलेली. पुस्तकाचेही तेच. पहिल्या पानामागे हक्क कोणाचे लिहिले आहेत ते आधी पाहावे, चित्रे मागाहून.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०११ पासून सर्वांस मोकळे आहे. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे. त्यांच्या हयातीत छापले गेलेले त्यांचे लेखन २०१७ पासून मोकळे झाले. येथे एक घोटाळा होतो. मोकळे झाले ते बाबासाहेबांचे स्वतःचे लेखन. त्यांच्यावर दुसऱ्या कोणी मुलांसाठी लिहिलेले चरित्र नव्हे. ते चरित्र त्या लेखकाचे आहे, आणि जयंतीच्या वर्गासाठी हवे असेल तर मंडळाने एक प्रत विकत घेऊन लेखक-प्रकाशकांकडे परवानगी मागावी. प्रसिद्ध पुस्तकातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला हा कायदा मुभा देतो. पण आख्खे पुस्तक म्हणजे उतारा नव्हे.

मग उरते काय? पुष्कळ उरते. बंगळुरूच्या प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली स्टोरीवीव्हर सुरू केले. तेथे मराठीसह अनेक भाषांत चित्रमय गोष्टी आहेत आणि त्यांचा परवाना असा की लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावे सांगून कोणीही त्या वाचाव्यात, उतरवून घ्याव्यात, छापाव्यातसुद्धा. म्हणून आमच्या वर्गात गोष्टीआधी तिघांचीही नावे मोठ्याने वाचली जातात. मुलांना आता त्याची इतकी सवय झाली आहे की नाव राहिले तर तिकडून आवाज येतो, "चित्रं कोणी काढली ते सांगितलं नाय!"

दुसरे ठिकाण म्हणजे 'किशोर'. बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचायला मिळतात. ते वाचायला फुकट आहेत, याचा अर्थ छापून वाटायला मोकळे आहेत असा मात्र होत नाही. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही मराठी पुस्तके आहेत. तेथे प्रत्येक पुस्तकाचा हक्क निराळा पाहावा लागतो.

परंतु हक्काचा प्रश्न सुटला म्हणजे पुस्तक निवडून झाले असे नाही. खरे काम त्यानंतरचे, आणि ते डोळ्यांनी होत नाही, तोंडाने होते. अनुवादित गोष्टींतले मराठी पुष्कळदा कागदावर ठीक दिसते आणि उच्चारले की अडते. "तिने त्याच्याकडे पाहून एक मोठे हास्य दिले" असे वाक्य आले की वाडीतली सात वर्षांची मुलगी आपल्या भावाकडे बघते, आणि मग दोघेही विहाराच्या दारातल्या कुत्र्याकडे. समोर बसलेल्या मुलाला निदान आपल्या चेहऱ्याने धरून ठेवता येते; फोनवर आमच्याजवळ शब्दांवाचून दुसरे काही नसते. म्हणून शनिवारी आमच्यापैकी एकाने दुसऱ्याला आख्खी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची, असे ठरवले आहे. जीभ दोनदा अडखळली की ते पुस्तक बाजूला.

चित्राचेही तसेच. सहा इंचांच्या पडद्यावर पंधरा मुलांना एका पानातली दहा माणसे दिसत नाहीत. पानभर एक बैल, एक विहीर, एक मुलगी असेल तर मागच्या रांगेतल्यालाही दिसते. लहानांसाठी पानावर दोन-तीन ओळी पुरेत. आणि रेंजवर भिस्त ठेवू नये. शनिवारी रात्रीच पीडीएफ गावी पाठवायची, म्हणजे रविवारी आवाज तेवढा पोचला तरी चालते. गावातली एखादी मोठी मुलगी पान पुढे सरकवते. परवाना मोकळा असेल तर तालुक्याला झेरॉक्स काढून प्रत विहारातच ठेवतो. वाडीतल्या कित्येक घरांत पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नाही, आणि फोन सोमवारी ज्याचा त्याच्याकडे जातो.

एक उणीव मात्र राहते. या गोष्टींत हत्ती पुष्कळ, आजीही पुष्कळ. पण ज्या घरातला बाप मुंबईला आणि आई पहाटे लावणीला, ते घर आम्हांस क्वचित सापडते. आमच्यातल्या दोघींनी तशी एक गोष्ट लिहायला घेतली आहे. तिला चित्रकार हवा आहे. येथे कोणी असेल तर जेवणाच्या सुट्टीत भेटावे.

ज्यांना वाचायला यायचे आहे त्यांनी आपले नाव चिटणीसांकडे द्यावे. पहिल्या रविवारी पुस्तक आम्ही देऊ, दुसऱ्या रविवारचे ज्याचे त्याने शोधून आणायचे आहे.