भंगलेल्या मूर्तीचें मोल

मेहरूणचें नांव घेतलें कीं बोरें आणि तलाव या दोन गोष्टी प्रथम आठवतात. त्या तलावाच्या बाजूस, समजा, एका जुन्या बंगल्याच्या बागेंत ग्रीक वळणाची पांढरी स्त्रीमूर्ति उभी आहे. नाक झिजलेलें, एक हात कोपरापासून गेलेला, वस्त्राच्या चुण्यांत शेवाळ धरलेलें. घराची वांटणी व्हावयाची आहे. थोरले बंधु म्हणतात, गवंड्याकडून सिमेंटचा हात बसवून, वर तैलरंग देऊन मूर्ति विकावी. धाकट्यांचें म्हणणें, खंडित मूर्ति दारांत ठेवूंच नये. परंतु ती पूजेची मूर्ति नव्हे, शोभेची आहे. तिला तो नियम लागू नाहीं. ती घडली आहे कशाची, हा मूळ प्रश्न मात्र दोघांनींही विचारलेला नाहीं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत प्राचीन ग्रीक-रोमन शिल्पाचें अनुकरण सुरू झालें. त्या नव-अभिजात शैलीच्या मूर्ति पुढें संगमरवरांत घडल्या, तशाच भाजलेल्या मातींत, ओतीव लोखंडांत आणि सिमेंटमध्यें साच्यांतूनही निघाल्या. रूप एक, मोल निराळें. म्हणून मुखाकडे पाहण्यापूर्वीं भंगलेल्या जागेकडे पाहावें. संगमरवराच्या ताज्या भंगांत साखरेसारखे कण चमकतात. चुण्यांच्या खोबणींत छिन्नीच्या खुणा सांपडतात. साच्यांतील मूर्तीच्या दोन्ही अंगांस सांध्याची बारीक रेघ दिसते, आणि तुटलेल्या हातांतून पुष्कळदां गंजलेली सळई डोकावते. लिंबाचा रस टाकून पाहण्याची युक्ति कोणी सांगतात. पण त्यानें संगमरवर फेंसाळतो तसें सिमेंटही फेंसाळतें. परीक्षा होत नाहीं, दगड मात्र खाल्ला जातो.

यानंतर भंगाचें वय पाहावें. जुना भंग काळवंडलेला व गुळगुळीत असतो, नवा स्वच्छ व धारदार. जुनी दुरुस्ती असेल तर तिचीही नोंद करावी, कारण वाईट दुरुस्ती हीहि एक हानीच आहे. मुंबईंतील फ्लोरा फाउंटन याची साक्ष देतें. नॉर्मन शॉ यांचा आराखडा, जेम्स फोर्सिथ यांचें शिल्प, आणि पोर्टलंडचा दगड, असें तें कारंजें १८६४ सालीं उभें राहिलें. मुळांत तें भायखळ्याच्या बागेसाठीं योजिलेलें होतें. पुढें त्यावर रंगाचे थर चढत गेले आणि कोरीव काम बुजलें. ते थर उतरवून मूळ दगड पुन्हां दाखविण्याचें काम २०१९ च्या आरंभीं पुरें झालें. रंग देणें सोपें होतें. काढणें महाग पडलें.

कधीं घावच इतिहास होतो. मॅथ्यू नोबल यांनीं घडविलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास १८९६ सालीं चापेकर बंधूंनीं डांबर फांसलें. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनीं रसायनांनीं तें डाग काढले. आतां तो पुतळा भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत आहे. त्याची हकीकत वगळून त्याची किंमत करतां येणार नाहीं.

तेव्हां मेहरूणच्या बंधूंनीं आधीं तुकडे वेंचून कापडांत बांधावे, चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं, शेवाळ साध्या पाण्यानें व मऊ ब्रशानें हळू काढावें. मूर्ति सिमेंटची निघाली तर गवंडी खुशाल बोलवावा. संगमरवराची निघाली तर जाणकारानें पाहीपर्यंत तिला सिमेंट, रंग वा तेजाब लावूं नये. वांटणी महिनाभर लांबली तरी चालेल. खरवडलेला दगड भरून येत नाहीं.