दहावीची मुलगी आणि आपले घर



मंडळाच्या वाढदिवशी मी चार शब्द बोलावेत असा आपण आग्रह केलात. मी सातवी शिकलेली. आपल्या आजींच्या वेळी सातवीला व्हर्नाक्युलर फायनल म्हणत आणि तेवढ्यावर शाळामास्तरची नोकरी मिळे. आता दहावी हाच पहिला उंबरठा झाला आहे. तो ओलांडायला मुलीकडून काय काय मागतात, हे आपण आयांनी नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्याला वाटते, दहावी म्हणजे मार्चची परीक्षा. पण परीक्षा जूनपासूनच सुरू झालेली असते. आपल्या राज्य मंडळाच्या भाषा विषयाचेच पाहा. शंभरांपैकी ८० गुण लेखी पेपराचे आणि २० शाळेतल्या तोंडी व इतर कामाचे. पास व्हायला ३५ लागतात. विज्ञानाचे प्रयोग, गणिताचा गृहपाठ, यांचेही गुण असतात. ते काही शेवटच्या महिन्यात क्लास लावून मिळत नाहीत. वर्षभर वर्गात बसावे लागते.

दुसरी गोष्ट हजेरीची. बोर्डाच्या नियमाने शेकडा ७५ हजेरी हवी. म्हणजे शंभर दिवसांत पंचवीसच दिवस हाती. आता घरोघरचा हिशेब करा. पाहुणे आले, मुलगी घरी. धाकट्याला ताप, मुलगी घरी. पापड-कुरडयांचा घाट, लग्नाचा बस्ता, मुलगी घरीच. मुलाला मात्र कोणी थांबवीत नाही. एकेक दिवस लहान दिसतो, पण थेंबे थेंबे तळे साचे हे खाड्यांनाही लागू आहे. शिवाय पाळीच्या दिवसांत पोट दुखून खरोखरीच रजा लागली, तर ती कुठून आणायची?

वागणुकीचे म्हणाल, तर शाळा मागते त्यात अवघड काही नाही. वेळेवर यावे, वही पूर्ण असावी, बाईंशी नीट बोलावे, कॉपी करू नये. कॉपीविरुद्ध तर आपल्या राज्यात १९८२ सालचा कायदाच आहे. पण "काहीही कर, पण पास हो" असे घरातूनच ऐकविले, तर पोरीने काय समजायचे? आणि संध्याकाळी सातला टीव्ही मोठ्याने लावून "अभ्यास कर गं" म्हणणे, हेही काही बरे नव्हे.

एवढे करून एखादीचा विषय राहिलाच, तर आकाश कोसळत नाही. २०१५ पासून फेरपरीक्षा जुलैच्या सुमारास घेऊ लागले. पूर्वी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे. एकदोन विषय राहिले तरी अकरावीत बसण्याची सवलत आहे. म्हणून निकालाच्या दिवशी मुलीला टाकून बोलू नका आणि "आता स्थळ पाहू" असे तर मुळीच म्हणू नका.

ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. तो भरून बाहेरून दहावीला बसता येते. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या बायाही अशा पास झाल्या आहेत. आपल्या सुनांनी जवळच्या हायस्कुलात चौकशी करावी.

शेवटी मंडळापुढे एक विनंती. आपल्या हळदीकुंकवाला, भजनाला पाने वाढायला, सतरंज्या घालायला आपण शाळेच्या वेळी मुलींना बोलावतो. यंदापासून नववी-दहावीच्या मुलींना असे बोलावू नये, असा ठराव करू या. चार कामे आपल्याला जास्त पडतील, पडू देत. मुलींनी शिकावे म्हणून सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात लोकांचे शेणगोळे सोसले. आपल्याला तर नुसत्या सतरंज्याच उचलायच्या आहेत.