मुक्कामाची जागा
(हैदराबाद येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



‘सायकलप्रवासातील मुक्कामाची जागा’ असा विषय मी कळवला, तेव्हा ज्याला ना इतिहास ना वाङ्मय अशा विषयावर आपण तासभर बोलणार तरी काय, अशी काळजी व्यवस्थापकांतील एका स्नेह्यांनी मोठ्या आपुलकीने व्यक्त केली. त्यांना मी स्थानपोथीची आठवण दिली. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी गोदातीरी आणि वऱ्हाडात जे अटन केले, त्यात ते कोठे राहिले, कोठे रात्र काढली, कोठे क्षणभर बसले, याची नोंद, देवळाचे दार कोणत्या दिशेस आहे इतक्या बारकाव्यानिशी, महानुभावांनी त्या पोथीत करून ठेवली आहे. मुक्कामांचीच एक स्वतंत्र पोथी ज्या भाषेच्या जुन्या गद्यात आहे, तिच्यात या विषयाला परंपरा नाही असे कसे म्हणावे?

सायकलही काही कालपरवाची नव्हे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगारा हे तिघे ती पुरी करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. आपल्याला इतके दूर जायचे नाही. सायकलीच्या दांडीला आणि सीटमागे पिशव्या बांधून, त्यांत हलकासा तंबू, पांघरूण आणि दोन दिवसांचा शिधा घेऊन जो मेदक, विकाराबाद किंवा नागरकर्नूलच्या अंगाला निघतो, त्याच्यापुरतेच मी बोलणार आहे.

या मुलखाचा पाया ग्रॅनाइटचा. असल्या कातळात पाणी सहजासहजी मुरत नाही, म्हणून काकतीयांपासून पुढच्या प्रत्येक राजवटीने उतारांना बांध घालून पाणी अडवले. पाखाल आणि रामप्पा हे त्यांतले मोठे तलाव, परंतु लहानसा तलाव नाही असे गाव तेलंगणात क्वचितच आढळेल. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, असे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र सांगते, आणि दिवसभर पायडल मारून घसा कोरडा पडलेला प्रवासीही स्वाभाविकपणे तलावाकडेच वळतो. उन्हाळ्यात पाणी आटले म्हणजे तलावाच्या पोटात जी सपाट, मऊ हिरवळ उघडी पडते, तिच्याइतकी लोभस जागा दुसरी नाही. आणि तिच्याइतकी फसवी जागाही दुसरी नाही. निजामी दप्तरात या जमिनीला शिकम म्हणत. शिकम म्हणजे फारसीत पोट. तलावाचे ते पोटच, आणि पोट भरायचे ते भरतेच. एका वैशाखात मी अशाच शिकमावर तंबू ठोकून निर्धास्त बसलो असता गावचा नीरडी, म्हणजे तलावाच्या पाण्याची राखण करणारा वृद्ध सेवक, बांधावरून खाली आला. आमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र होते. त्याने मात्र पश्चिमेस क्षितिजाजवळ लवणाऱ्या विजेकडे बोट दाखवले, तिकडचा ओढा येथेच येऊन मिळतो एवढेच सांगितले, आणि माझी सायकल स्वतः हाती धरून मला बांधाच्या टोकापलीकडच्या उंचवट्यावर नेऊन बसवले. पहाटे पाहतो तो माझ्या पहिल्या जागी पोटरीभर पाणी!

पाणी जवळ असावे, पण आपण पाण्याच्या वाटेत नसावे, हे मी त्या रात्री शिकलो. थंडीतही हाच विवेक उपयोगी पडतो. कार्तिकापासून माघापर्यंत स्वच्छ, निवांत रात्री थंड हवा जड होऊन उताराने खाली येते आणि खोलगट जागी साचते. त्यामुळे वाऱ्याचा आडोसा म्हणून जो खळग्यात निजतो, तो सकाळी दहिवराने चिंब होऊन उठतो, आणि हाकेच्या अंतरावर माळावर निजलेला मेंढपाळ कोरडा असतो. दिवसभर तापलेला कातळ रात्री बराच वेळ ऊब देत राहतो, ही माघातली चैन वैशाखात असह्य होते. शिळांच्या कपारींत मात्र कोणत्याच ऋतूत शिरू नये. त्या विंचवांच्या, सापांच्या आणि काही रानांत अस्वलांच्याही वहिवाटीच्या आहेत. ताडाखालीही निजू नये, वाळलेली झावळी केव्हा सुटेल याचा नेम नसतो.

परंतु या सर्वांहून भयंकर अशी एक गोष्ट आहे. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही शेतकरी रात्री शेताभोवती चोरून विजेची तार सोडतात. हा गुन्हा आहे आणि त्यात माणसेही दगावली आहेत. अंधारात शेताच्या कडेने तंबूची जागा शोधत फिरणाऱ्याला ती तार दिसत नाही; ती कोठे आहे हे फक्त गावाला ठाऊक असते. म्हणून सूर्य कासराभर वर असतानाच थांबावे आणि विचारावे, हे माझे आजच्या भाषणातले मुख्य म्हणणे आहे. नल्लमलच्या व्याघ्रप्रकल्पात तर प्रश्नच नाही. श्रीशैलमचा रस्ताच तेथे रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत बंद असतो, आणि जंगल खात्याच्या परवान्यावाचून त्या रानात मुक्काम करू नये.

स्वीडनमध्ये परक्या रानात एखादी रात्र राहण्याची मुभा लोकरूढीने दिली आहे, स्कॉटलंडात २००३ च्या कायद्याने. आपल्याकडे असा हक्क नाही. पट्ट्याची जमीन असो, गायरान असो वा कंचा, म्हणजे गवताचे कुरण असो, कोणाची ना कोणाची गुरे तेथे चरतात. पूर्वी पाटील, पटवारी किंवा सेतसिंदी, म्हणजे गावचा राखणदार, यांना वर्दी दिली की भागे. आता शेताच्या मालकाला किंवा सरपंचाला विचारावे. लपून राहिलेल्या माणसाला गाव चोर समजते, विचारून राहिलेल्याला पाहुणा. मला आजवर नकार क्वचितच मिळाला, आणि जेथे मिळाला तेथेही बहुधा गावातल्या देवळाची ओसरी दाखवण्यात आली.

पाहुण्याने कसे राहावे, याविषयी शिवाजी महाराजांचे राज्याभिषेकाच्या सुमारचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले ते पत्र मी प्रवासाला निघण्यापूर्वी दरवेळी वाचतो. रयतेच्या धान्याला, गवताला, भाजीलासुद्धा हात लावू नका, लागेल ते बाजारातून विकत आणा, असे बजावून महाराज चुलीच्या विस्तवापर्यंत, तंबाखूच्या ठिणगीपर्यंत आणि दिव्याची जळती वात उंदीर पळवील येथपर्यंत येतात. वाळल्या गवतात स्टोव्ह पेटवणाऱ्या आजच्या प्रवाशाला याहून नेमकी सूचना कोणी देऊ शकेल असे मला वाटत नाही. आणि धनगरांचा वाडा पाहा: शेतात वाघर लावून रात्रभर मेंढरे बसवण्याबद्दल शेतकरी त्यांना आपण होऊन धान्य देतो, कारण ते निघून जातात तेव्हा जमीन खतावलेली असते. आपल्याला तेवढे साधणार नाही. निदान मालकाला बोलावून जागा दाखवावी आणि मगच निघावे.

त्या वैशाखातल्या सकाळी मी तंबू गुंडाळला, तेव्हा तो नीरडी पुन्हा आला. माझ्या चुलीच्या जागी तो उकिडवा बसला, राखेत हात घालून ती गार झाल्याची त्याने खात्री करून घेतली, आणि मग रात्रीच्या पाण्याने बांधाला कोठे धक्का लागला आहे का, ते पाहायला निघून गेला.