पडद्यावरचा आकडा



शिक्षकांच्या सभेत अध्यक्षाने विज्ञानशिक्षणाचा सगळा पट मांडावा, असा रिवाज आहे. मी एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे: शाळेतल्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडायचा इंचभर पडदा.

नीती आयोगाने 2016 पासून अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या आणि आर्डुइनोसारखे बोर्ड सहावीपासूनच्या मुलांच्या हाती आले. पहिला प्रयोग ठरलेला, एलईडी लुकलुकवण्याचा. दुसरा सेन्सरचा, आणि तिथे गाडी अडते. मोजलेलं तापमान बघायचं तर बोर्ड संगणकाला जोडून ठेवावा लागतो. मायक्रोबिट नावाच्या बोर्डावर 25 दिवे आहेत खरे, पण त्यावर एकेक अक्षर सरकत जाताना वाचणाऱ्याचा धीर सुटतो. 0.96 इंचाचा ओएलईडी पडदा लावला की हाच बोर्ड बॅटरीवर चालतो आणि थेट बांधीच्या धुऱ्यावर नेता येतो.

जोडणी चार तारांची. दोन विजेच्या, दोन संदेशाच्या. फिलिप्स कंपनीने 1982 साली काढलेली आय-टू-सी पद्धत ती हीच. आर्डुइनो उनोवर ए4 आणि ए5, मायक्रोबिटवर 19 आणि 20 क्रमांकाच्या पिना. मायक्रोबिट 3 व्होल्टचा आहे, 5 व्होल्टचा एलसीडी त्याला थेट जोडू नका. एवढी सूचना लॅबच्या कपाटावर चिकटवून ठेवा.

या पडद्यावर आडवे 128 आणि उभे 64 ठिपके असतात. गुणाकार 8192. एका बाइटमध्ये आठ ठिपके मावतात, म्हणून एका पूर्ण चित्राला 1024 बाइट लागतात. उनोची रॅम 2048 बाइटची. पडद्यावरचं एक चित्र निम्मी स्मृती व्यापतं! स्मृती म्हणजे काय, हे मुलांना याहून सोप्या रीतीने मला कधी सांगता आलेलं नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा स्वस्त एलसीडी आपल्याकडे सर्रास वापरतात. त्यात देवनागरी नसते. आपण घडवलेली अक्षरं त्यात एका वेळी फक्त आठ बसतात, तीही पाच बाय आठ ठिपक्यांच्या घरात. दोन घरांमध्ये फट असते, त्यामुळे ‘भंडारा’ लिहिलं की शिरोरेषा तुटते. ओएलईडीवर ती सलग राहते आणि सोळा ठिपके उंचीच्या चार ओळी मावतात. मुलांना चौकटीच्या वहीत आपल्या गावाचं नाव ठिपक्यांनी भरायला लावा. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण काढायची त्याच्या आधी, हे यंत्राला कसं सांगायचं, यावर त्यांना भांडू द्या. आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच कोडं सोडवलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमधून भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट कार्ड देशभरच्या संगणकांत गेलं. त्या कामाचा छोटा तुकडा लाखांदूरच्या सातवीतली मुलगी पेन्सिलीने करू शकते. इंग्रजी शब्द तयार मिळतात म्हणून तेच पडद्यावर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. हा पडदा तिची आजीही वाचणार आहे.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. हमीभाव केंद्रावर ओलावा 17 टक्क्यांच्या वर निघाला की पोतं मागे फिरतं. बाप यंत्राच्या पडद्याकडे बघत उभा असतो, पोर बापाकडे. त्या पोराने स्वतः एकदा सेन्सरचा आकडा पडद्यावर उमटवला असेल, तर त्याला ठाऊक असतं की यंत्र ओलावा थेट बघत नाही. ते विजेचा एखादा गुण मोजतं आणि त्यावरून हिशेब करतं. त्या हिशेबाची पडताळणी करावी लागते: धान तोलायचं, पूर्ण वाळवायचं, पुन्हा तोलायचं. शाळेतल्या सेन्सरने सरकारी मापाशी बरोबरी होणार नाही, आणि तसा दावा मुलांना करू देऊ नका. पण ‘हे यंत्र शेवटचं कधी तपासलं?’ हा प्रश्न नम्रपणे आणि न घाबरता विचारणारा शेतकरी आपल्या वर्गातून घडायला हवा. माझ्या लेखी चार तारांच्या त्या जोडणीचं मोल तिथे आहे.

म्हणून अध्यक्ष या नात्याने दोन ठराव मांडतो. पुढच्या विज्ञान प्रदर्शनात ज्या मॉडेलमध्ये मोजमाप आहे, त्याचा आकडा मराठी शब्दांसह मॉडेलवरच दिसावा. आणि त्याच्या शेजारी मुलांच्या हस्ताक्षरातला पडताळणीचा कागद असावा: यंत्राचा आकडा, हाताने मोजलेला आकडा, दोन्हींतला फरक. फरक मोठा निघाला म्हणून गुण कापू नयेत. कागदच नसेल, तर कापावेत.

अनुमोदनासाठी हे ठराव आपल्यापुढे ठेवतो.