‘अतिरिक्त कार्यभार’ नको, पूर्णवेळ माणूस हवा



आज पदवी स्वीकारणाऱ्या तुमच्यातले बहुतेक जण समाजकार्य, समुपदेशन किंवा शिक्षणशास्त्र घेऊन एम.ए., एम.एस.डब्ल्यू. झालात. हॉस्पिटल, स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सीएसआर विभाग तुमच्या डोळ्यांसमोर असतील. मी तुम्हाला आणखी एका कामाकडे बोलवायला आले आहे. ते कॉलेजातलंच आहे, पण वर्गाबाहेरचं. वसतिगृह, शिष्यवृत्ती, समुपदेशन, तक्रार निवारण, विद्यार्थी परिषद हे सगळं त्यात येतं.

मुंबईतल्या या मरोळमध्ये ते काम कसं दिसतं, ते सांगते. सेमिस्टरच्या शेवटी नोटीस बोर्डावर ब्लॅकलिस्ट लागते. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेलेल्यांची नावं. त्यात एखादा मुलगा असतो, जो सीप्झमध्ये रात्रपाळी करून सकाळी थेट लेक्चरला येतो आणि आठवड्यातून दोनदा येऊच शकत नाही. ‘पालकांना घेऊन ये,’ असं त्याला काउंटरवर सांगतात. पालक गावाला. त्याच मुलाचा महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आलेला असतो, कारण उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली आहे, किंवा बँक खात्याला आधार जोडलेलं नाही. अर्ज परत आलाय हेच त्याला ठाऊक नसतं. शिष्यवृत्ती अडली की फी थकते, फी थकली की तो कॉलेजात तोंड दाखवायचं टाळतो, हजेरी आणखी घसरते. आणि मग आपण म्हणतो, मुलांना शिक्षणाची आस्थाच उरली नाही.

या मुलाला व्याख्यानाची गरज नसते. त्याचा अर्ज कुठल्या लॉगिनला अडकलाय हे बघणारं, तहसील कार्यालयातून कुठला कागद आणायचा ते नेमकं सांगणारं, प्राचार्यांशी हजेरीबद्दल बोलणारं आणि ‘झोपतोस कधी रे?’ असं विचारणारं एक माणूस लागतं. हे चारही एकाच माणसाला यायला हवं. म्हणून ते शिकावं लागतं.

आपल्या महाराष्ट्राला हे काम परकं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या मुलांना रांधून घालत, आणि पैसा संपला तेव्हा त्यांनी मंगळसूत्रासकट अंगावरचे दागिने मोडले. १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. मुलगा शिकायचा असेल तर तो राहणार कुठे, जेवणार काय, हे आधी ठरवावं लागतं, हे या माणसांनी ओळखलं होतं. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते त्याच सुमारास, त्याच विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात, विद्यार्थिनींच्या सल्लागार होणाऱ्या बायकांसाठी स्वतंत्र शिक्षणक्रम सुरू झाला होता. अमेरिकेत त्यातून पुढे अख्खा पेशा उभा राहिला. आपल्याकडे ते काम त्यागावर आणि मायेवर चालत राहिलं. त्या मायेपुढे मी नतमस्तक आहे. पण लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्रावर शंभर वर्षांनंतरही व्यवस्था चालवायची, हे मला मान्य नाही.

कायद्यात या कामाला जागा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी विकास मंडळ आहे. रॅगिंगविरोधी नियम २००९ पासून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने तर जुलै २०२५ मध्ये, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, असे निर्देश दिले. प्रत्यक्षात काय होतं? आठवड्याला सोळा-अठरा लेक्चर्स घेणाऱ्या एखाद्या सरांच्या नावापुढे ‘अतिरिक्त कार्यभार’ असं लिहिलं जातं. किंवा एक समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस, तासाच्या मानधनावर येते. तिची खोली कुठे आहे, हे निम्म्या मुलांना माहीत नसतं.

तुम्ही या कामात आलात, तर हातातल्या पदवीवर थांबू नका. ऐकून घ्यायला तुम्ही शिकला आहात. आता शिष्यवृत्तीचे शासन निर्णय वाचायला शिका. अंतर्गत तक्रार समिती कशी बसते, चौकशीत मुलीचं नाव गुप्त कसं राखायचं, वसतिगृहाचं अंदाजपत्रक कसं मांडायचं, हे शिका. मुलाला डॉक्टरकडे केव्हा पाठवायचं, हे तर आधी शिका. आपल्या विद्यापीठांनी या सगळ्याचा मिळून एक नीट पदव्युत्तर अभ्यासक्रम करावा, ही माझी जुनी मागणी आहे आणि ती मी आज पुन्हा करते. तो येईपर्यंत तुम्हाला हे तुकड्यातुकड्यांनी गोळा करावं लागेल.

पगार सुरुवातीला कमी असेल. ‘म्हणजे तुम्ही शिकवत नाही का?’ असं नातेवाईक विचारतील. मात्र मुलाखतीला गेलात की एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्या: पद पूर्णवेळ आहे का, आणि मुलं येऊन दार लावून बोलू शकतील अशी खोली आहे का?

समोर बसलेल्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या जूनच्या आत तुमच्या कॉलेजात असं एक पूर्णवेळ पद काढा. अर्ज करायला लायक मुलंमुली आज याच सभागृहात बसली आहेत.