विद्यार्थ्यांचा वेळ आणि समाजमाध्यमे



गमावलेले धन परिश्रमाने पुन्हा मिळविता येते. विद्यार्थिदशेतील वेळ एकदा खर्ची पडला की तो कोणत्याच वहीत पुन्हा जमा होत नाही. म्हणूनच समाजमाध्यमांमुळे मुलांचे गुण घटतात काय, हा प्रश्न प्रत्येक पालकाला छळतो. त्याचे उत्तर संतापाने नव्हे, हिशेब तपासून द्यावयास हवे.

फेसबुकचा जन्मच मुळी विद्यापीठात, ४ फेब्रुवारी २००४ रोजी हार्वर्डच्या वसतिगृहात झाला. पुढे ते अमेरिकेतील एकेका महाविद्यालयास टप्प्याटप्प्याने खुले झाले. २०१० मध्ये किर्श्नर व कार्पिन्स्की या संशोधकांनी तेथील एका विद्यापीठातील २१९ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. फेसबुक वापरणाऱ्यांचे गुण व अभ्यासाचे तास, दोन्ही कमी आढळले. परंतु फेसबुकमुळे अभ्यास मागे पडला, की अभ्यासात मन न रमणारेच तिकडे वळले? याचा निर्णय त्या पाहणीतून होत नव्हता.

२०१२ मध्ये रेनॉल जुंको यांनी १,८३९ विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून आणखी एक बाजू दाखविली. फेसबुकवर अधिक वेळ घालविणाऱ्यांचे गुण कमी होते. मात्र उपयुक्त दुवे इतरांस पाठविणाऱ्यांच्या बाबतीत संबंध उलट, अनुकूल दिसला. म्हणजे साधन एकच असले तरी वापरागणिक फळ निराळे.

कार्यकारणाचा उलगडा २०२२ मध्ये बराचसा झाला. ब्रागिएरी, लेव्ही व माकारिन या अर्थशास्त्रज्ञांनी, ज्या महाविद्यालयांत फेसबुक आधी पोहोचले व ज्यांत नंतर, त्यांची तुलना केली. फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले, आणि मनाच्या अस्वस्थतेमुळे अभ्यासात व्यत्यय येतो असे सांगणारेही वाढले. इतरांच्या सुखाशी स्वतःची तुलना, हे त्याचे प्रमुख कारण त्यांना दिसले. तेव्हा हानी केवळ घड्याळातील तासांची नाही. पुस्तक उघडे असूनही मन दुसऱ्याच्या अंगणात असते, ही खरी हानी होय.

उपाय काय? मोबाइल हिसकावून घेतल्याने विश्वास मात्र तुटतो. शिवाय वर्गाच्या सूचना व टिपणेही आता त्यावरच येतात. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातील प्रयोगात, बंद आवाजाचा फोनसुद्धा मेजावर ठेवणाऱ्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका स्पष्ट आढळला नाही. तरीही हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि करून पाहण्यात कोणाचेही नुकसान नाही.

मात्र तो नियम घरातील वडीलधाऱ्यांनीही पाळावा. भोजनाच्या ताटावर वडिलांच्याच हाती फोन असेल, तर मुलास केलेला उपदेश व्यर्थ होय. आणि गुण घसरलेल्या मुलास ‘किती तास वाया घालविलेस?’ असे विचारण्यापूर्वी ‘मन कशाने खिन्न आहे?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल फोन लपविण्यास शिकते. दुसऱ्याने कदाचित बोलू लागते.