मित्राच्या गांवीं दोन दिवस

शनिवारीं दुपारीं निघावें, परगांवच्या मित्राकडे मुक्काम करावा आणि रविवारीं रात्रीं परत यावें, असा बेत विद्यार्थिदशेंत ज्यानें एकदांही केला नाहीं असा मनुष्य विरळाच. या लहानशा प्रवासाला कोणी यात्रा म्हणत नाहीं, सहलही म्हणत नाहीं. 'जरा जाऊन येतों' एवढ्या तीन शब्दांत त्याची बोळवण होते. जवळजवळ चाळीस वर्षें मीं मास्तरकी केली. त्या काळांत मुलांकडून सहलीवर, जत्रेवर, नदीकांठच्या संध्याकाळीवर शेंकडों निबंध लिहवून घेतले. परंतु 'मित्राच्या गांवीं दोन दिवस' हा विषय मीं फळ्यावर कधींही लिहिला नाहीं. तो कां लिहिला नाहीं, तेंच आज आपणांस सांगणार आहें.

गोष्ट १९७४ सालच्या डिसेंबरांतली. माझें घर मिरजेस. त्याच वर्षीं मी जुनी अकरावीची मॅट्रिक उत्तीर्ण होऊन अध्यापक विद्यालयांत दाखल झालों होतों. माझ्याबरोबर मॅट्रिक झालेला, आमच्याच गल्लींतला एक मित्र कॉलेजसाठीं कोल्हापुरास गेला होता. त्याचें नांव मी सांगत नाहीं; तो आज आजोबा झाला आहे आणि हें भाषण बहुधा ऐकत असेल. त्याचे वडील एका वखारींत हमाली करीत. त्या वर्षीं पायाला दुखापत होऊन त्यांचें काम सुटलें होतें. घरांत दोन धाकटीं भावंडें. तरीही हुशार मुलाचें शिक्षण थांबूं नये म्हणून त्याला धाडलें होतें.

त्याचीं पत्रें पंधरवड्याला येत. पोस्टकार्डावर बारीक अक्षरांत मजकूर असे: वसतिगृह उत्तम आहे, जेवण घरच्यासारखें आहे, संध्याकाळीं रंकाळ्यावर फिरावयास जातों, खासबागेंत कुस्त्या पाहिल्या. शिवाय महिन्याला दहा रुपयांची मनिऑर्डर येई. 'शिष्यवृत्तींतून एवढे उरतात,' असें त्यानें कळविलें होतें. त्याची आई, जिला आम्ही गल्लींतलीं सारीं मुलें मावशी म्हणत असूं, तीं पत्रें मजकडून वाचून घेई आणि वाचून झाल्यावर कार्ड हातांत धरून थोडा वेळ तशीच बसे.

मी जाणार असें कळतांच ती शेंगदाण्याच्या लाडवांचा पत्र्याचा डबा आणि भडंगाची पुडी घेऊन आली. म्हणाली, "दुसरं कांहीं पाहूं नकोस रे बाळ. तो पोटभर जेवतो कीं नाहीं, तेवढं पाहून ये."

मिरज-कोल्हापूर हें अंतर अवघें तीस मैलांचें. हा लोहमार्ग १८९१ सालीं सुरू झाला. प्रथम तो मीटर मापाचा होता, १९७१ मध्यें रुंद झाला. गाडीनें कृष्णेचा पूल ओलांडला, जयसिंगपूर गेलें, हातकणंगलें गेलें, रुकडी गेली. दोन्ही बाजूंस उंसाचीं शेतें होतीं आणि गुऱ्हाळांचा हंगाम ऐन भरांत होता. मोठ्या काहिलींत उंसाचा रस उकळत असतो, गुळव्या त्यावरची मळी काढीत असतो आणि त्या रसाचा वास चालत्या गाडींत शिरतो. खिडकींतून तो वास घेत मी बसलों होतों. मांडीवर डबा होता, आणि आपण आतां स्वतंत्र माणूस झालों अशी एक सुखद भावना मनांत होती.

स्टेशनावर मित्र उभा होता. मला पाहून तो इतका हंसला कीं, त्याचा सदरा अंगावर सैल झाला आहे हें माझ्या लक्षांत यावयास बराच वेळ लागला.

त्यानें मला गांव दाखविलें. महालक्ष्मीच्या देवळांत नेलें, भवानी मंडपांतून फिरविलें. शाहू महाराजांनीं १९०२ सालीं युरोपचा प्रवास केला, तेव्हां रोम येथील प्राचीन क्रीडागृह पाहून त्या धर्तीवर पुढें खासबागेचें मैदान बांधविलें, ही माहिती त्यानें वाटाड्याच्या थाटांत दिली. वाटेंत एक-दोन वसतिगृहांच्या इमारतीही दाखविल्या. कोल्हापुरास विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, तें उगाच नव्हे. शाहू महाराजांच्या आश्रयानें १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्याच वर्षीं जैन बोर्डिंग, १९०६ मध्यें मुसलमान विद्यार्थ्यांचें, १९०८ मध्यें अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग, अशी परंपरा लागून गेली. ज्या मुलांच्या बापजाद्यांनीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें, त्यांना शहरांत राहावयास छप्पर आणि जेवावयास ताट मिळालें. म्हणूनच दक्षिण महाराष्ट्रांतल्या गरीब आईबापांची एक श्रद्धा होती: मुलगा कोल्हापुरास गेला आहे ना, मग तो उपाशी राहणार नाहीं. मावशीचीही तीच श्रद्धा होती.

संध्याकाळीं आम्ही गंगावेशींतल्या दूधकट्ट्यावर गेलों. तेथें गवळी म्हशी घेऊन येतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेंसाळतें दूध पेल्यांत ओततात. मित्रानें एकच पेला मागविला आणि तो माझ्या हातीं दिला.

"तूं?" मीं विचारलें.

"आज शनिवार. मारुतीचा उपास करतों मी हल्लीं."

लहानपणीं एकादशीच्या दिवशीं देवापुढची केळीं पळविणारा हा मुलगा शनिवार करूं लागला, याचें मला हंसूं आलें. उपासाला दूध चालतें, हें मात्र मला त्या वेळीं सुचलें नाहीं. मी सारा पेला प्यालों.

रात्रीं वसतिगृहाकडे न वळतां त्यानें मला एका छापखान्यामागच्या खोलींत नेलें. वसतिगृहांत पाहुण्यास परवानगी नसते, म्हणून ही खोली एका ओळखीच्या माणसाकडून मागून घेतली, असें तो म्हणाला. खोलींत कागदांचे गठ्ठे होते, एक सतरंजी होती आणि खुंटीवर त्याचे सगळे कपडे होते. एका रात्रीसाठीं कोणी सगळे कपडे घेऊन येत नाहीं, एवढा तर्कही मीं केला नाहीं. दिवा मालवून आम्ही पडलों आणि गप्पा मारतां मारतां मला झोंप लागली.

मध्यरात्रीं केव्हांतरी जाग आली. अंधारांत पत्र्याचा आवाज होत होता. कोणीतरी डब्याचें झांकण अगदीं सांवकाश, आवाज होऊं नये म्हणून दाबून धरून, उघडीत होतें. मग दाण्याचा लाडू चावल्याचा आवाज आला. थोड्या वेळानें दुसरा, मग तिसरा. मी डोळे मिटून पडून राहिलों. उठून बसावें, दिवा लावावा, असें मला वाटलें नाहीं असें नाहीं. परंतु दिवा लागला तर त्याचा चेहरा पाहावा लागेल, याचें मला भय वाटलें.

पहाटे चारला तो उठून गेला, तो सातला परत आला. बोटांना छपाईची काळी शाई लागलेली होती. तेव्हां मीं विचारलें आणि त्यानें सर्व सांगितलें. वसतिगृहाच्या खानावळीचे दोन महिन्यांचे पैसे थकले, तेव्हां कोणी जा म्हणण्यापूर्वींच तो स्वतः बाहेर पडला होता. पहाटे तो वर्तमानपत्रें वांटी, संध्याकाळीं छापखान्यांत कागद मोजी, आणि त्याबद्दल ही खोली व थोडे पैसे मिळत. शिष्यवृत्ति मुळींच नव्हती. दहा रुपये घरीं जात, उरलेल्यांत कॉलेजची फी आणि दुपारचें एक वेळचें जेवण भागे. रात्रीं पाणी पिऊन निजावयाचें.

"आईला यांतलं कांहीं बोलूं नकोस," तो म्हणाला. "तिला कळलं तर ती दहा रुपये घेणार नाहीं आणि मला परत बोलावील. शपथ घे."

मीं शपथ घेतली. सतराव्या वर्षीं मित्राचें गुपित सांभाळण्याएवढें उदात्त कृत्य जगांत दुसरें नसतें.

रविवारीं रात्रीं मी मिरजेस उतरलों. मावशी आमच्या ओट्यावर बसून होती. तिनें एवढेंच विचारलें, "जेवतो ना रे पोटभर?"

मीं म्हटलें, "होय मावशी. तुमचे लाडू तर आवडीनें खाल्ले."

दुसरें वाक्य खरें होतें, आणि त्या खऱ्या वाक्याच्या आधारानें पहिलें खोटें वाक्य उभें राहिलें. ती समाधानानें घरीं गेली. मीही समाधानानें झोंपलों. आपण शब्द पाळला, अशी माझी समजूत होती.

मार्च महिन्यांत मित्राला कावीळ झाली. अंगांत मुळीं बळच उरलें नव्हतें. छापखान्यांतल्या एका माणसानें त्याला गाडींत घालून मिरजेस आणलें. आमच्या गांवीं मोठे दवाखाने आहेत, तो वांचला. परंतु परीक्षा बुडाली, वर्ष गेलें. ज्या दिवशीं तो घरीं आला त्या दिवशीं मी भेटावयास गेलों. मावशी दारांत उभी होती. सर्व हकीगत तिला कळली होती. ती मला रागें भरली नाहीं; आवाजही चढविला नाहीं. फक्त म्हणाली, "तूं पाहून आला होतास ना?"

श्रोतेहो, या प्रश्नाला आज पन्नास वर्षें होऊन गेलीं. उत्तर मजपाशीं अजून नाहीं.

पुढची हकीगत थोडक्यांत सांगतों. जून महिन्यांत मावशी स्वतः मुलाबरोबर कोल्हापुरास गेली. त्याच वसतिगृहाच्या व्यवस्थापकांस भेटली आणि, नवऱ्याचा पाय, घरचीं मुलें, दहा रुपये, जें होतें तें सगळें सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, जेवणाचे पैसे माफ केले आणि सुटीच्या दिवशीं कार्यालयाचें काम करण्याची अट घातली. एवढेंच. गरीब मुलांची सोय करण्यासाठींच तें घर उभें होतें. कोणीतरी जाऊन सांगावयास मात्र हवें होतें. माझा मित्र मानी होता, म्हणून त्यानें सांगितलें नाहीं. मी निष्ठावंत होतों, म्हणून मीं सांगितलें नाहीं. डिसेंबरांत जें अर्ध्या तासांत झालें असतें, त्याला एक वर्ष आणि एका मुलाची प्रकृति एवढी किंमत पडली.

मित्राचें गुपित पाळावें कीं नाहीं, असें मला पुढें अनेक विद्यार्थ्यांनीं विचारलें. मी त्यांना एवढेंच सांगत असें: मानाची गोष्ट पोटांत ठेवावी, भुकेची ठेवूं नये. मित्र परीक्षेंत नापास झाला, त्याचें प्रेम फसलें, त्याला कोणीं अपमानानें बोललें, तर तें आपल्या तोंडून बाहेर पडूं नये. पण तो उपाशी आहे, आजारी आहे, जिवावर उदार झाला आहे असें दिसलें, तर शपथ मोडावी. तो काहीं दिवस आपल्याशीं बोलणार नाहीं. न बोलो, पण बोलावयास तो राहील.

आणि दुसरी गोष्ट पाहुणेपणाची. मित्राच्या गांवीं गेल्यावर आपण देऊळ पाहतों, तळें पाहतों, तेथल्या प्रसिद्ध पदार्थांचा समाचार घेतों. तें अवश्य करावें. परंतु तो कोठें निजतो, कोणाच्या शेजारीं जेवतो, ताटांत काय पडतें, हें पाहिल्यावांचून परतूं नये. यजमान एकच पेला मागवील, तेव्हां दुसरा आपण मागवावा. मित्र गांव दाखवितो, तेव्हां पुष्कळदां स्वतःला झांकण्यासाठींच दाखवीत असतो.

आज कोणी म्हणेल, आतां हें सर्व कशाला? आतां हातांतल्या फोनवर मुलाचा चेहरा रोज दिसतो. खरें आहे, चेहरा दिसतो. पण त्या पोस्टकार्डावरचें अक्षरही सुरेखच असे. मुलाला जें दाखवावयाचें असेल तेवढेंच कार्डावर येतें, आणि तेवढेंच फोनवरही येतें.

गेल्या महिन्यांत माझ्या त्या मित्राचा दूरध्वनि आला. त्याचा नातू यंदां पुण्यास शिकावयास गेला आहे. रोज बोलतो, हंसतो, सर्व छान आहे म्हणतो. मित्राचे गुडघे आतां प्रवास करूं देत नाहींत. तो म्हणाला, "तूं एकदां जाऊन ये. दुसरं कांहीं पाहूं नकोस."

पुढचें वाक्य त्यानें उच्चारलें नाहीं. उच्चारण्याचें कारण नव्हतें.

येत्या शनिवारीं मी पुण्यास निघालों आहें. लाडवांचा डबा बरोबर घेतला आहे. रविवारीं रात्रीं परत येईन, आणि जें पाहीन तें सांगेन.